तुमच्यामागे न उठलेली फायरवॉल

विलासदादा,

उद्या तुमचं तेरावं. तुमचे थोरले भाऊ परवा मला म्हणाले, "मनी, तू शिकलेली हायेस, त्याच्याबद्दल चार शब्द तूच लिव." ते चार शब्द लिहून झालेत. त्यात तुमचा जन्म आहे, डोळखांबचं बालपण आहे, मनमिळाऊ स्वभाव आहे. मनमिळाऊ हे मी भाऊंच्या समाधानासाठी घातलं. तुम्ही किती मनमिळाऊ होता ते मला विचारा. हा दुसरा कागद तुमच्यासाठी आहे. तो उद्या मांडवात वाचता येणार नाही.

गिरणीचं शटर बारा दिवस अर्धंच वर आहे. सुतकात ते पूर्ण उघडायचं नाही, म्हणून रोज सकाळी मी कमरेत वाकून आत शिरते, भात भरडायच्या बंद मशीनला वळसा घालून मागच्या आपल्या खोलीत येते आणि संध्याकाळी तशीच वाकून बाहेर पडते. खोलीला खिडकी एकच, तीही तुसाच्या ढिगाकडे. आठ वर्षं मी या खोलीत बसले, पण ती एवढीशी आहे हे मला या बारा दिवसांत कळलं. तुम्ही असताना तुमच्या बडबडीत भिंतींकडे बघायला फुरसत नसायची.

तुमच्यापासून मी एक गोष्ट लपवली होती. ती आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं लिहिणं खोटं होईल. ऐरोलीच्या एका कंपनीत मला नोकरी लागली आहे. तुम्ही गेलात त्याच्या तीन आठवडे आधी लागली. रुजू व्हायचा दिवस येत्या सोमवारचा. पत्र माझ्या पिशवीत, डब्याच्या खाली, आणि मी तुमच्यासमोर बसून पाड्यापाड्यांच्या तक्रारी लिहून घेत होते. रोज ठरवायचे की आज सांगू. रोज तुम्ही चप्पल काढता काढता विचारायचात, "काय गो मनी, पेटी काय बोलतेय?" मी म्हणायचे, "बरी हाय, दादा." की झालं, तो दिवस गेला.

पेटी म्हणजे आपला सर्व्हर. अकरा पाडे आणि धसईचं एक वसतिगृह, एवढ्यांचं इंटरनेट शहापूरच्या या खोलीतून, एका काळ्या लिनक्सच्या पेटीतून जातं, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. डोंगरावर आपले खांब, खांबांवर ताटल्या, आणि सगळ्यांचा कारभार इथं. बाहेरून आत काय येऊ द्यायचं, कुठल्या पाड्याला कुठल्या वाटेनं बाहेर सोडायचं, हे ठरवते ती फायरवॉल. ती उभी नसेल तर आपल्याकडे कुणाचंच काही चालत नाही. मला हे तुम्ही भाताच्या खाचरांवरून शिकवलंत. "वरच्या बांधाला मोरी जिथं ठेवशील तिथून पाणी खाली जाणार. खालच्यानं कितीबी बोंब मारली तरी वरची मोरी बंद तर बंद. नियम वरून वाचायचे, मनी." मी बी.एस्सी. कॉम्प्युटर, तुम्ही बारावी नापास. त्या एका दुपारी मला जेवढं कळलं तेवढं तीन वर्षांत कॉलेजात कळलं नव्हतं.

पण तुमचा एक हट्ट होता. पेटी बंद पडू द्यायची नाही. इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या होत्या, तुम्ही चार केल्या. वीज गेली की तुम्ही घरचा पंखा बंद करून इकडे धावायचात. चार वर्षं पेटी एकदाही बंद झाली नव्हती. कुणी आलं की तुम्ही कमांड मारून दिवस मोजून दाखवायचात. कुणी पोराचे मार्क दाखवतं, तुम्ही पेटीचे दिवस. आणि बंदच होणार नसल्यामुळे नियम कुठे लिहून ठेवायची गरज तुम्हाला वाटली नाही. ते चालू पेटीच्या आठवणीत होते आणि तुमच्या डोक्यात होते. नवा पाडा जोडला की तुम्ही दोन ओळी हातानं टाकायचात, आणि मग चहा.

तुम्ही गेलात त्याच्या आधीच्या मंगळवारी आपलं यावरूनच वाजलं. मी म्हणाले, "दादा, नियम फाईलीत लिहून ठेवा. मी लिहिते, तुमी सांगा."

"डोक्यात हायेत ना."

"डोक्यात असून काय उपयोग? दुसऱ्याला कसं कळणार?"

"फाईल वाचून कोणबी चालवील मग. आपण काय नुसतं बसायचं?"

तुम्ही हसत होता. मला मात्र हसू येत नव्हतं. पिशवीतलं पत्र मला तिथं बसल्या बसल्या टोचत होतं. मी आवाज चढवला, "आणि उद्या तुमी नसलात तर?"

तुम्ही म्हणालात, "तू हायेस ना."

दादा, मला विचारायचं होतं, उद्या मी नसले तर. धीर झाला नाही म्हणून वाक्य उलटं फिरवलं. सहा दिवसांनी, सोमवारी, तुम्ही नव्हता. मी शिकलेली आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी ते वाक्य माझ्याच तोंडून गेलं, हे मला कुणाला सांगता आलेलं नाही. आईलासुद्धा नाही.

त्या सोमवारी भाऊंनी काय केलं ते तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही उठून बसला असतात. गिरणीचा मालक गेला तर पट्टा उतरवायचा आणि मेन स्विच खाली करायचा, ही तुमच्या घरची रीत. तुमचे बाबा गेले तेव्हा तुम्हीच ते केलं होतं म्हणे. तुम्हाला घेऊन निघायच्या आधी, बायका वहिनींना धरून बसल्या असताना, भाऊ एकटे गिरणीत आले, पट्टा उतरवला, स्विच खाली केला आणि हात जोडून बाहेर पडले. त्या स्विचवर आपली खोलीही आहे, हे त्यांच्या ध्यानात यायचं कारणच नव्हतं. चार बॅटऱ्यांनी संध्याकाळपर्यंत पेटी ओढली असेल. नंतर ती थांबली. मी तेव्हा तुमच्या अंगणात बायकांच्या घोळक्यात उभी होते आणि मला पेटीची आठवणही नव्हती.

मंगळवारी सकाळपासून माझा फोन वाजायला लागला. डोळखांबच्या शाळेतून, धसईच्या वसतिगृहातून, वरच्या पाड्यांवरून. मी गिरणीत आले तर अंधार. स्विच बघितला आणि सगळं उमगलं. पण सुतकाच्या घरात, चितेची राख अजून गरम असताना, स्विच वर करू का, हे विचारायचं कुणी? आई म्हणाली, "आपल्यात सुतक नसतं तसं, पण त्यांच्या घरी त्यांच्यासारखं वाग." मी बुधवारपर्यंत थांबले. बुधवारी विचारलं.

भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. "त्याला जाऊन दोन दिस नाय झाले आन तू मशीन लावायचं बोलतेस?"

"गिरणी नाय, भाऊ. फक्त मागची पेटी."

"एकच मीटर हाय."

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळेही न उघडता त्या म्हणाल्या, "लाव गो. त्यांनी ती पेटी माझ्यापरीस जास्त जपली." मग भाऊ स्वतः आले, स्विच वर केला आणि तोंड फिरवून निघून गेले. त्यांच्या हातून पेटीबरोबर तुमचे सगळे नियमही गेले, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही कुठून सांगू नका.

पेटी उठली. फायरवॉल उठली नाही. दिवस मोजायची तुमची कमांड मारली तर उत्तर आलं, दोन मिनिटं. त्या आकड्यावर मला रडू आलं, अंत्यविधीला आलं नव्हतं तेवढं.

नियम गेले ते गेलेच. शोधाशोध केल्यावर तुमची एक जुनी फाईल सापडली, आपण तीनच पाड्यांवर होतो तेव्हाची. तिचा उपयोग नव्हता. मी ठरवलं की तुमची हातानं टाकायची पद्धत आता पुरे. लिनक्सची नवी फायरवॉल सेवा पेटीत आहेच. ती नियम फाईलीत ठेवते आणि पेटी उठली की आपोआप उठते. स्टार्टची कमांड दिली. पेटीनं एका ओळीत उत्तर दिलं: ही सेवा मास्क केलेली आहे.

मास्क म्हणजे नुसती बंद नाही. कुणी चुकूनही चालू करू नये म्हणून बांधून ठेवलेली. कुणापासून, हे मला त्याच क्षणी आठवलं. तीन वर्षांपूर्वी तुम्ही मुरबाडला गेला होता तेव्हा मी हुशारी करून हीच सेवा चालू केली होती. तिनं आल्या आल्या तुमचे सगळे नियम पुसून आपले मांडले. बाराही जागा बंद, आणि डोळखांबच्या शाळेत पोरांचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. तुम्ही भर उन्हात मोटारसायकलवरून आलात, खुर्चीत बसलात आणि सगळे नियम डोक्यातून परत टाकलेत. मला एका शब्दानं बोलला नाहीत. तुम्ही शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी बघितलं तर सेवेला कुलूप. मी तीन वर्षं मनात धरून होते की दादांचा माझ्यावर विश्वास नाही. त्यावर आपण कधी बोललोच नाही. तुम्ही मला दार बंद केलंत, मी तोंड बंद केलं.

मास्क काढायला एक ओळ पुरते. पण बुधवारी ती ओळ टाकताना माझा हात अडला. तुमच्या माघारी तुमचं कपाट उघडतेय असं वाटलं. काढला. पुन्हा स्टार्ट. या वेळी लाल अक्षरांत, फेल्ड.

आणि मग दादा, मी चार दिवस अडकले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. पेटीची नोंदवही उघडली तर ती म्हणत होती, डीबस नावाचं, फायरवॉलला लागणारं मॉड्यूल सापडत नाही. बरं, टाकू या. टाकायला गेले तर इन्स्टॉलर म्हणतो, ते आहेच. पुन्हा स्टार्ट, पुन्हा सापडत नाही. एक म्हणतो नाही, दुसरा म्हणतो आहे, आणि मधे मी. मी ते काढून पुन्हा टाकलं. पेटी पुन्हा पुन्हा बंद-चालू केली. चार वर्षं जी एकदा बंद झाली नाही ती मी एका दिवसात नऊ वेळा बंद केली. मला तुमची लाज वाटत होती आणि रागही येत होता. असं काय करून ठेवलंय या माणसानं, असं मोठ्यानं म्हणाले, तर भिंतीपलीकडच्या तुमच्या घरातून वहिनींचा आवाज आला, "काय झालं गो?" मी म्हणाले, "काय नाय."

तेवढ्यात घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. ऐरोलीहून फोन, रुजू व्हायच्या दिवशी किती वाजता येताय, कागदपत्रं काय काय आणायची. मी तुसाच्या ढिगाकडे तोंड करून, दबक्या आवाजात, हो हो म्हटलं. फोन ठेवला तर भाऊ शटरखालून वाकून आत येत होते, बरोबर दोन पाहुणे. भाऊ पाहुण्यांना सांगत होते, "ह्याचं सगळं ही बघते. मनी हाय म्हणून चिंता नाय." पाहुण्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली. मी उठून पाणी प्यायले. पाड्यांवरून येणारा प्रत्येक फोनही तेच म्हणत होता, मॅडम, आता तुमीच. कुणी वाईट बोलत नव्हतं. सगळे मायेनंच बोलत होते, म्हणून तर सुटका नव्हती.

शनिवारी दुपारी वहिनी आतल्या दारानं आल्या. माझ्यापुढे भाकरी ठेवली आणि तुमच्या खुर्चीवर न बसता तांदळाच्या पोत्यावर बसल्या. म्हणाल्या, "काय शोधतेस?" मी काय सांगणार? म्हणाले, "वहिनी, वस्तू घरात हाय, पण पेटीला दिसत नाय." त्या म्हणाल्या, "मग भलत्या घरात शोधत आसंल." त्या सहज बोलल्या. पण माझा घास हातात राहिला.

ही फायरवॉल पायथन नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेली आहे, तीही जुन्या पायथनमध्ये. मी बघितलं, पेटीत नुसतं 'पायथन' म्हटलं की कोण पुढे येतो? नवा पायथन आला. आणि नव्याच्या घरात डीबस नव्हतं; ते जुन्याच्या घरात होतं. इतकंच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. पण पायथनची ही अदलाबदल कुणी केली? तारीख बघितली. दोन वर्षांपूर्वीची. मग तुमच्या जुन्या कमांडींची यादी उघडली.

दादा, ती यादी मी उघडायला नको होती. तिच्यात तुम्ही होता. फाईलींची यादी बघायच्या 'एलएस' कमांडच्या जागी घाईत 'एसएल' मारायची तुमची सवय, मग दुरुस्ती, मग पुन्हा तीच चूक. शंभरदा. मला तुमची बोटं दिसली. आणि त्या तारखेला, एकाखाली एक, नव्या पायथनला पुढे आणायच्या ओळी, आणि त्यानंतर लगेच माझ्या प्रोग्रॅमचं नाव. एकदा चालवून बघितलेला.

आठवतं तुम्हाला? कुठल्या पाड्याची लाईन गेली की आपल्या फोनवर आपोआप संदेश यावा, असा मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो मला नव्या पायथनमध्ये येत होता आणि पेटीवर चालत नव्हता. आठवडाभर मी चिडचिड केली, एकदा तर टेबलावर हात आपटला. एका सकाळी आले तर चालला. मी नाचायचीच बाकी होते. "दादा, बघा! माझंच कुठंतरी चुकत होतं, आता चाललं." तुम्ही म्हणालात, "चाललं ना? मग चुकलं ते सोड. चहा ठेव." तुम्ही आदल्या संध्याकाळी मागे थांबून माझ्यासाठी पेटी बदलली होती आणि मला ते कळू दिलं नाहीत. इन्स्टॉलर त्यामुळे बिघडला, तो तुम्ही तेव्हाच जुन्या पायथनवर नेऊन दुरुस्त केलात. तेही यादीत आहे. फायरवॉल राहिली. ती तुम्ही बांधूनच ठेवली होती, कोण कशाला बघतंय!

म्हणजे मी चार दिवस ज्या भिंतीवर डोकं आपटत होते ती तुम्ही माझ्या हौसेपायी उभी केली होती. मी हसले, मग रडले, वहिनी घाबरल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना पायथन कळला नाही, पण तुम्ही कळलात. म्हणाल्या, "असंच होते ते. करायचे आन सांगायचे नाय. माझं सोन्याचं डोरलं मोडलेलं, गुपचूप जोडून आणलं त्यांनी. मला वाटलं मोडलंच नव्हतं." विश्वासाचं माझं तीन वर्षांचं गाठोडं तिथंच सुटलं. थोडं उरलं आहे अजून. कुलूप लावताना एक शब्द बोलायला काय झालं होतं, हे मी तुम्हाला विचारणारच.

फायरवॉलच्या फाईलीत पहिल्या ओळीत जुन्या पायथनचं नाव घातलं. स्टार्ट. हिरवं. मी सवयीनं तुमच्या खुर्चीकडे बघितलं.

पण उठलेली फायरवॉल रिकामी होती. रविवारपासून मी आणि वहिनींनी नियम पुन्हा मांडले. वहिनींनी, हो. अकरा पाड्यांचं भात या गिरणीत येतं, कोण कुठल्या आळीला राहतं, कुठं घरं वाढली, सगळं त्यांना तोंडपाठ. त्या सांगायच्या, मी पाड्यावर फोन लावायचे, काय चालायचं आणि काय चालायचं नाही ते विचारायचे. तुम्ही काय काय करून ठेवलं होतंत ते तेव्हा कळलं. एका शाळेत दुपारपर्यंत खेळ बंद, बाईंनी सांगितलं म्हणून. वसतिगृहातल्या मुलींना एरवी व्हिडिओ बंद, पण रविवारी सकाळी घरी बोलण्यापुरते चालू, तेही कुणी न मागता. एका पाड्यावरचे आजोबा म्हणाले, "आमच्या इथं कीर्तन लागायचा, थांबायचा नाय. तेवढा बघ." जुन्या फाईलीतल्या एका नियमाचा अर्थ मात्र कुणालाच लागेना. एक फोन, त्याला संध्याकाळी सात ते आठ काहीच मिळायचं नाही. तो वहिनींनीच ओळखला. तो तुमच्या पुतण्याचा, अभ्यासाचा तास. तो नियम आम्ही ठेवला आहे, बिचाऱ्याला बाकीचे तेवीस तास आहेतच.

मी गेल्यावर पेटी त्यांनीच बघायची, म्हणून बुधवारी मी वहिनींना खुर्चीत बसवलं. तुमच्या. बसताना त्यांनी आधी खुर्चीला हात लावून तो कपाळाला लावला. मी वहीत लिहून दिलेल्या ओळी त्यांनी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत टाकल्या. सेवा बंद केली, चालू केली, उठली की नाही ते बघितलं. मुद्दाम एक नियम मोडून दिला, तो त्यांनी नोंदवहीत शोधून काढला. अर्धा तास लागला. "पट्टा सरकला तर आवाजावरून कळतो," त्या म्हणाल्या, "हितं वाचायला लागतंय, एवढंच." त्यांना सगळं येतं असं मी म्हणणार नाही. उद्या पाऊसवाऱ्यात खांब पडला, पेटी जळली, तर त्या काय करतील मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही. फोन करतील, आणि मी उचलीन.

काल मी भाऊंना सांगितलं. सगळा धीर गोळा करून, उभ्यानंच. सोमवारी मी ऐरोलीला चालले, भाऊ. नोकरीला. ते म्हणाले, "आजून तेरावं नाय झालं त्याचं."

"तेरावं झाल्यावरच चालले."

"त्याला सांगितलेलंस?"

मला खोटं बोलता आलं असतं. तुम्ही हो म्हणाला होता, आशीर्वाद दिला होता, असं म्हटलं असतं तर भाऊंनी डोळे पुसून मला निरोप दिला असता, आणि खरं काय ते विचारायला कुणी जाणार नव्हतं. जिभेवर आलंसुद्धा. मी म्हणाले, "नाय." भाऊ उठून आत गेले. आज सकाळी त्यांनी मला चहा विचारला, पण नाव घेऊन हाक मारली नाही.

म्हणून आता तुम्हालाच सांगते. तुम्ही असतात तर मी गेले नसते. सोमवारी मी पोट दुखतंय म्हणून तुम्हाला फोन केला असता, ऐरोलीला जाऊन ते ऑफिस बाहेरून बघितलं असतं, संध्याकाळच्या गाडीनं परत आले असते, आणि मंगळवारी सकाळी इथं बसून म्हणाले असते, बरी हाय, दादा. तुम्ही मला कधी अडवलं नाहीत. तुम्ही नुसते प्रेमानं वागलात, आणि त्यातून बाहेर पडायची वाट मला आठ वर्षांत सापडली नाही. तुम्ही गेलात म्हणून मी चालले आहे. बारा दिवस मी तुमच्यासाठी रडते आहे आणि त्याच बारा दिवसांत, कुठंतरी आत, मला सुटल्यासारखंही वाटतं आहे. याबद्दल तुमची माफी मागायला मी हा कागद घेतला होता. इथपर्यंत लिहून झालं, पण माफी काही मागवत नाही.